घोरणे थांबले, म्हणजे विकार गेला काय?

जो घोरतो तो गाढ झोपतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. परंतु घोरता घोरता श्वास थांबत असेल आणि माणूस गुदमरून दचकत असेल, तर ती विश्रांती नव्हे. तो 'स्लीप ॲप्निया' हा विकार असू शकतो. स्थूल देहात घशाभोवती मेद साचतो आणि झोपेत स्नायू सैल पडताच श्वासमार्ग मिटतो. तासाला ३० वा अधिक वेळा श्वास अडला, तर विकार तीव्र मानतात.

वजन घटविण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. कारण भूल आणि काही वेदनाशामके घसा अधिकच शिथिल करतात. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देऊन हा मार्ग उघडा ठेवण्याचा उपाय मांडला. तेच आजचे 'सीपॅप' यंत्र. घरी वापरात असल्यास ते रुग्णालयातही बरोबर न्यावे.

पुढे वजन उतरते, घोरणे मंदावते आणि यंत्र माळ्यावर जाते. खरी चूक येथेच होते. पुष्कळांचा विकार सौम्य होतो, पण सर्वांचा नाहीसा होत नाही. चेहरा कृश झाल्याने मुखवटा सैल पडतो. हवेचा दाबही बदलावा लागतो. म्हणून पुन्हा तपासणी करून डॉक्टरांनी सांगितल्यावाचून यंत्र सोडू नये.

निजलेल्याला आपला थांबलेला श्वास ऐकू येत नाही. वाचकहो, तो घरच्यांनीच ऐकावयाचा असतो!