प्रदीप वसंत नाईक

एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक (जन्म : २२ जुलै १९४९, नागपूर) हे भारतीय हवाई दलाचे माजी प्रमुख होत. ३१ मे २००९ ते ३१ जुलै २०११ या काळात ते या पदावर होते. ऋषिकेश मुळगावकर आणि अनिल टिपणीस यांच्यानंतर हवाई दलाचे प्रमुखपद भूषविणारे ते आणखी एक मराठी अधिकारी होत. पुढे २०२१ मध्ये विवेक राम चौधरी यांनाही हा मान मिळाला. नाईक यांच्या कार्यकाळात नक्षलवादी चळवळीविरुद्ध हवाई दलाचा वापर करावा काय, हा प्रश्न देशापुढे उभा राहिला. त्यावर त्यांनी घेतलेली स्पष्ट भूमिका लष्करी बळ आणि पोलिसी काम यांतील सीमारेषेच्या चर्चेत महत्त्वाची मानली जाते.

शिक्षण व सेवा

नाईक यांचे शालेय शिक्षण सातारा येथील सैनिक शाळेत झाले. १९६१ मध्ये स्थापन झालेली ही देशातील पहिली सैनिक शाळा होय. त्यानंतर खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून प्रशिक्षण घेऊन २१ जून १९६९ रोजी ते हवाई दलाच्या लढाऊ शाखेत दाखल झाले. त्यांच्या सेवेचा बराचसा काळ मिग जातीच्या लढाऊ विमानांशी निगडित होता. १९७१ च्या भारत–पाकिस्तान युद्धातही त्यांनी भाग घेतला. प्रमुखपदी नियुक्ती होण्यापूर्वी ते हवाई दलाचे उपप्रमुख होते. एअर चीफ मार्शल फली होमी मेजर यांच्याकडून त्यांनी प्रमुखपदाची सूत्रे स्वीकारली आणि निवृत्तीच्या वेळी ती एअर चीफ मार्शल नॉर्मन अनिल कुमार ब्राऊन यांच्याकडे सोपविली. २०१० पासून निवृत्तीपर्यंत ते तिन्ही सेनादलांच्या प्रमुखांच्या समितीचेही अध्यक्ष होते. परमविशिष्ट सेवा पदक आणि विशिष्ट सेवा पदक यांनी त्यांना गौरविण्यात आले आहे.

विमानांच्या सामर्थ्याविषयीचे विचार

हवाई दलाच्या उणिवांविषयी उघडपणे बोलणारा प्रमुख, अशी नाईक यांची ख्याती होती. भारताच्या विमानांची संख्या चीनच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश आहे, असे त्यांनी २००९ मध्ये सांगितले. दलाची जवळजवळ निम्मी साधनसामग्री कालबाह्य झालेली किंवा कालबाह्यतेच्या वाटेवर असलेली आहे, हेही त्यांनी प्रमुखपदावर असतानाच मान्य केले. बंगळूर येथे १० जानेवारी २०११ रोजी ‘तेजस’ या स्वदेशी हलक्या लढाऊ विमानाला प्राथमिक कार्यान्वयन मान्यता मिळाली. त्या सुमारास नाईक यांनी या विमानाचे वर्णन मिग-२१ ची सुधारलेली आवृत्ती असे केले आणि चौथ्या पिढीच्या विमानाची पातळी त्याने अद्याप गाठलेली नाही, असे मत मांडले.

त्यांच्या कार्यकाळातच १२६ मध्यम लढाऊ विमानांच्या खरेदीसाठीच्या चाचण्या पूर्ण झाल्या आणि एप्रिल २०११ मध्ये राफेल व युरोफायटर ही दोन विमाने अंतिम यादीत राहिली. फेब्रुवारी २०११ मध्ये सी-१३०जे हे मालवाहू विमान हिंडन तळावर सेवेत दाखल झाले. एकाच दलाच्या ताफ्यात शत्रूच्या विमानाशी झुंजणारे, जमिनीवर मारा करणारे, माणसे व सामान वाहून नेणारे, टेहळणी करणारे आणि जखमींची सुटका करणारे असे वेगवेगळे वायुयान असते, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. लढाऊ विमान जखमी शिपायाला रुग्णालयात पोहोचवू शकत नाही आणि मालवाहू हेलिकॉप्टर शत्रूच्या विमानाचा पाठलाग करू शकत नाही. अंतर्गत सुरक्षेचा वाद उद्भवला तेव्हा, यांपैकी कोणते काम देशाच्या सीमेच्या आत करता येईल, हाच मुख्य प्रश्न होता.

नक्षलविरोधी मोहीम आणि हवाई दल

२००९ हे वर्ष महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यासाठी अत्यंत रक्तरंजित ठरले. १ फेब्रुवारी रोजी मरकेगाव येथे १५, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६ आणि ८ ऑक्टोबर रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरी येथे १७ पोलीस नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडले. लाहेरीची घटना विधानसभा निवडणुकीच्या मतदानापूर्वी अवघे पाच दिवस घडली. ६ एप्रिल २०१० रोजी छत्तीसगडमधील दंतेवाडा भागात ताडमेटलाजवळ झालेल्या हल्ल्यात सुरक्षा दलांचे ७६ जवान ठार झाले. त्यानंतर नक्षलवाद्यांविरुद्ध हवाई दल वापरावे, ही मागणी जोर धरू लागली.

हवाई दलाची हेलिकॉप्टरे त्यापूर्वीपासूनच या भागात काम करीत होती. निवडणूक कर्मचारी व मतदान यंत्रे पोहोचविणे, जवानांची ने-आण करणे आणि जखमींना बाहेर काढणे हे त्यांचे काम होते. नोव्हेंबर २००८ मध्ये छत्तीसगड विधानसभा निवडणुकीच्या वेळी बीजापूर जिल्ह्यात अशाच एका हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला आणि त्यातील हवाई अभियंता मृत्युमुखी पडला. यानंतर आत्मसंरक्षणार्थ गोळीबार करण्याची परवानगी हवाई दलाने शासनाकडे मागितली. स्वतःवर झालेल्या गोळीबाराला उत्तर देणे आणि स्वतःहून हल्ला करणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. हवाई दलाची मागणी पहिल्या गोष्टीपुरती मर्यादित होती.

दंतेवाड्याच्या घटनेनंतर नाईक यांनी आपले मत जाहीरपणे मांडले. सेनादलांना ‘मर्यादित मारकते’चे प्रशिक्षण दिलेले नसते. त्यांची शस्त्रे सीमेपलीकडील शत्रूसाठी असतात. म्हणून नक्षलवादासारख्या प्रश्नात हवाई दलाचा वापर करण्यास आपण अनुकूल नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. नक्षलवादी हे देशाचे शत्रू आहेत याची एकशेवीस टक्के खात्री असल्याखेरीज देशाच्या सीमेच्या आत हवाई दल वापरणे न्याय्य होणार नाही, असेही ते म्हणाले. हवाई दलाने मागे राहावे असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ नव्हता. वाहतूक आणि सुटकेचे काम त्यांच्या काळात चालूच राहिले.

मर्यादित मारकता

पोलिसाचे काम आणि सैनिकाचे काम यांत बळाच्या मापाचा फरक आहे. पोलीस संशयिताला प्रथम आवाज देतो, अडवतो, पकडतो आणि न्यायालयापुढे उभे करतो. लाठीपासून बंदुकीपर्यंत बळाच्या पायऱ्या त्याच्या हाती असतात. मुलकी प्रशासनाच्या मदतीला सैन्य बोलावले तरी हाच दंडक लागू होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० अन्वये अशा वेळी सैन्याधिकाऱ्याने शक्य तितके कमी बळ वापरावे आणि व्यक्ती व मालमत्ता यांची शक्य तितकी कमी हानी करावी, असे बंधन होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ मध्येही ते कायम आहे. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांच्या सूचीतील विषय होत.

विमानातून टाकलेल्या बॉम्बला अशा पायऱ्या नसतात. तो पकडू शकत नाही, इशाऱ्याची गोळी झाडू शकत नाही आणि एकदा सुटला की माघारी बोलावता येत नाही. त्याच्या स्फोटाची झळ लक्ष्याभोवतीच्या झोपड्यांना, शेतांना आणि माणसांनाही पोहोचते. नाईक यांच्या विधानातील ‘मर्यादित मारकता’ या शब्दांचा रोख या फरकाकडे होता.

ओळखीचा प्रश्न

युद्धात शत्रूची ओळख पटविण्याची साधने ठरलेली असतात. शत्रूच्या विमानावर त्याच्या देशाचे चिन्ह असते, सैनिकाच्या अंगावर गणवेश असतो, रणगाड्याचा आकार ओळखू येतो, आणि आपले विमान व परके विमान यांतील फरक रडारला सांकेतिक संदेशांच्या आधारे करता येतो. दंडकारण्याच्या जंगलात यांपैकी बहुतेक खुणा निरुपयोगी ठरतात. साल, साग आणि बांबूच्या दाट छायेखाली चालणारी माणसे वरून दिसत नाहीत. दिसली तरी तेंदूपत्ता किंवा मोहफुले गोळा करणारा गावकरी आणि शस्त्रधारी नक्षलवादी यांत भेद करणे कठीण असते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात २२० मीटरहून अधिक अंतर कापते. त्या क्षणात वैमानिकाला खाली कोण आहे हे ठरवावे लागते.

यावर टेहळणी हा एक उपाय सांगितला जातो. डोक्यावर तासन्‌तास घिरट्या घालणारी वैमानिकरहित विमाने जमिनीवरील हालचालींची चित्रे पाठवू शकतात. या तंत्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्थेचाही वाटा आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या या संस्थेने बंगळूरच्या दोन प्रयोगशाळांच्या सहकार्याने ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन विकसित केले. या इंजिनात पिस्टन वर-खाली होण्याऐवजी त्रिकोणाकृती रोटर फिरतो, त्यामुळे ते आकाराच्या मानाने हलके असते. हे इंजिन बसविलेल्या ‘निशांत’ने २००९ च्या एप्रिल महिन्यात कर्नाटकातील कोलार येथे पहिले उड्डाण केले. मात्र अशा विमानाने पाठविलेले चित्र माणसाची हालचाल दाखविते, त्याचा हेतू दाखवीत नाही. ओळखीचे अंतिम काम गावाची भाषा, वाटा आणि माणसे जाणणाऱ्या जमिनीवरील पोलिसालाच करावे लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विमानाने पोलिसी काम करण्याची कल्पना पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी रुजविली. १९२२ मध्ये इराकच्या बंदोबस्ताची सूत्रे ब्रिटिश हवाई दलाकडे देण्यात आली. सैन्याच्या तुकड्या ठेवण्यापेक्षा विमाने स्वस्त पडतात, हा त्यामागील हिशेब होता. १९२५ मध्ये वझिरीस्तानातही केवळ विमानांच्या बळावर मोहीम राबविली गेली. टोळ्यांच्या गावांवर आधी इशाऱ्याची पत्रके टाकायची आणि नंतर बॉम्बफेक करायची, अशी ही पद्धत होती. जिनिव्हा येथील निःशस्त्रीकरण परिषदेत १९३३ मध्ये बॉम्बफेकीवर बंदी घालण्याची चर्चा झाली, तेव्हा दूरच्या प्रदेशांतील पोलिसी कामासाठी अपवाद ठेवावा, असा आग्रह ब्रिटनने धरला होता.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलाचा आरंभही याच परंपरेत झाला. १ एप्रिल १९३३ रोजी कराची येथे चार वापिटी विमानांनिशी त्याची पहिली तुकडी उभी राहिली आणि १९३७ पासून ती मीरानशाह येथून वायव्य सरहद्दीवरील मोहिमांत उतरली. म्हणजे या दलाच्या वैमानिकांना प्रत्यक्ष कामगिरीचा पहिला अनुभव मिळाला तो परकीय सत्तेच्या वतीने केलेल्या बंदोबस्ताचा.

स्वातंत्र्यानंतर देशातील बंडखोरांविरुद्ध हवाई हल्ल्याचे ठळक उदाहरण एकच आहे. मिझो बंडाच्या वेळी ५ मार्च १९६६ पासून ऐझॉल शहरावर तूफानी आणि हंटर विमानांनी मारा केला. शहरातील घरे जळाली आणि नागरिक डोंगरांत पळाले. मिझोरममध्ये ५ मार्च हा दिवस आजही स्मरणदिन म्हणून पाळला जातो. बंड त्यानंतरही चालू राहिले आणि ३० जून १९८६ च्या करारानेच ते मिटले.

प्रतिपक्ष

नाईक यांच्या मताविरुद्धची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. सुरुंगांनी पेरलेल्या वाटांवरून पायी जाणारे पोलीस आणि निमलष्करी जवान मोठ्या संख्येने मरत होते. त्यांच्या जिवाची किंमत मोजताना हवाई बळ बाजूला ठेवणे कितपत योग्य, असा प्रश्न विचारला गेला. तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी एप्रिल २०१० मध्ये, सध्या हवाई दल वापरण्याचा आदेश नाही, परंतु आवश्यकता भासल्यास त्याचा फेरविचार करावा लागेल, असे सांगितले. इतर देशांची उदाहरणेही पुढे आली. श्रीलंकेने तमिळ वाघांविरुद्ध, पाकिस्तानने स्वात खोऱ्यात आणि कोलंबियाने फार्क संघटनेविरुद्ध लढाऊ विमाने वापरली होती. मात्र स्वातमधील २००९ च्या कारवाईत लाखो नागरिक विस्थापित झाले, याकडे विरोधकांनी लक्ष वेधले.

भारत सरकारने अखेर हल्ल्यासाठी हवाई दल वापरले नाही. हेलिकॉप्टरांचे वाहतूक व सुटकेचे काम मात्र वाढत गेले. भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यातून जखमी जवानाला नागपूरच्या रुग्णालयात नेण्यासाठी रस्त्याने अनेक तास लागतात, हेलिकॉप्टरने हा प्रवास थोड्या वेळात होतो. हे कामही निर्धोक नव्हते. १८ जानेवारी २०१३ रोजी छत्तीसगडमधील सुकमा भागात जखमींना आणण्यासाठी गेलेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला आणि त्याला जंगलात उतरावे लागले. पुढे २०२१ पासून बस्तर भागात ड्रोनमधून बॉम्ब टाकल्याचे आरोप माओवाद्यांनी केले. पोलिसांनी ते नाकारले. वैमानिकरहित साधनांच्या प्रसारामुळे नाईक यांनी मांडलेला मर्यादेचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे.

इतर उल्लेखनीय घटना

२५ नोव्हेंबर २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० विमानातून उड्डाण केले. ३ सप्टेंबर २०१० रोजी नवी दिल्लीत झालेल्या समारंभात क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांना नाईक यांच्या हस्ते ग्रुप कॅप्टन हे मानद पद देण्यात आले. विमानोड्डाणाची पार्श्वभूमी नसलेल्या व्यक्तीला हवाई दलाने असा मान देण्याची ही पहिलीच वेळ होती.