पुरुषांचं वजन आणि पथ्याची निवड

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एक वाद नेहमी रंगतो. दोन वेळा जेवायचं, की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं? २०१८ च्या सुमारास हा वाद महाराष्ट्रात घराघरांत पोचला. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून त्यांनी सांगितलं, की कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटं चाला. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्यांचं म्हणणं, थोड्या थोड्या अंतरानं बेताचं खा, आपल्या भागातलं आणि हंगामातलं खा, तुपाला घाबरू नका. दोन्हीकडची माणसं शपथेवर सांगतात, की आमचं वजन उतरलं. मग खरं कोणाचं?

आम्ही वर्गात मुलांना सांगायचो, उत्तर शोधण्याआधी प्रश्न तपासा. ‘उत्तम पथ्य कोणतं’ या प्रश्नातून ‘कोणासाठी’ हा शब्द गळालेला आहे. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात मध्यम मार्ग समजावताना जेवणाचंच उदाहरण घेतलं आहे. दहा मापं अन्न फार होतं आणि दोन मापं कमी पडतं, म्हणून वस्तादानं सगळ्यांना सहा मापं वाढायची का? मायलोसारख्या नामांकित पहिलवानाला तेवढं पुरणार नाही, आणि आखाड्यात नुकत्या आलेल्या पोराला ते जड जाईल. म्हणजे योग्य प्रमाण ठरतं ते माणसाच्या मानानं.

२०१८ सालीच अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६०९ माणसं होती. निम्म्यांनी तेल-तूप कमी केलं, निम्म्यांनी पीठ-साखर. वर्षभरानं पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. हा फरक गणितात धरण्याजोगा नव्हता. पण दोन्ही गटांत कुणाचं भरपूर उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं. आपला वाद जेवणाच्या वेळांचा आहे, हे खरं. पण धडा इथेही लागू पडतो. पथ्याच्या नावापेक्षा ते पाळणारा माणूस महत्त्वाचा.

आता पुरुषांचं काय? पुरुषाची चरबी आधी पोटावर आणि पोटाच्या आत साठते, आणि मधुमेह, हृदयविकार यांच्याशी तिचं जवळचं नातं आहे. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेपही घ्या. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी. दुसरं, नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि साठीनंतर ते परत कमावणं अवघड. ७० किलोच्या माणसाला रोज ५८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. भाकरी अर्धी कमी करा, पण डाळ, हुलगे, दूध, अंडी कमी करू नका. आणि थोडे जोर-बैठकाही असू द्या.

तिसरं, न मोजलेलं खाणं. आपला जिल्हा साखरेचा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि आपला चहाही तसाच गोड. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे धरले तर साठ ग्रॅम साखर, म्हणजे २४० कॅलरी. एका मोठ्या भाकरीएवढी झाली की! संध्याकाळची ‘बैठक’ आणि तिच्यासोबतची शेव, फरसाण तर आपण जेवणात धरतच नाही.

आमच्या एका मित्रानं पैजेवर दोन जेवणं सुरू केली. मधुमेहाची गोळी मात्र पूर्वीइतकीच चालू ठेवली. एके सकाळी चालता चालता हात थरथरायला लागले, दरदरून घाम सुटला, बोलणं अडखळायला लागलं. जवळच्या टपरीवरून साखर आणून खाऊ घातली, म्हणून निभावलं. दोष दोन जेवणांचा नव्हता, गोळीचाही नव्हता. डॉक्टरांना न विचारता दोन्हींची गाठ घातली, तिथं चुकलं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारं औषध चालू असेल, तर पथ्य सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दवाखान्यात वहिनी एवढंच म्हणाल्या, “आठ महिने मी दोन वेगवेगळे स्वयंपाक करत्ये, मला कुणी विचारलं का?” आम्ही सगळे गप्प बसलो. पथ्य पुरुषाचं आणि राबणूक बाईची, असं पथ्य किती दिवस टिकणार?

तेव्हा पथ्य निवडताना स्वतःला चार प्रश्न विचारा. माझ्या औषधांशी ते जुळतं का? त्यात प्रथिनं पुरेशी आहेत का? लग्नकार्यात, शेताच्या कामात, आणखी पाच वर्षांनी मला ते पाळता येईल का? आणि घरात एकाच चुलीवर ते शिजेल का? चारही उत्तरं ‘हो’ आली, तर दोन वेळा जेवा नाहीतर सहा वेळा, आमची हरकत नाही. एखादं उत्तर ‘नाही’ आलं, तर पथ्य बदला. आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देऊ नका. घरी जाऊन विचारा.