बिली हॉलिडे : एक आत्मकथन आणि दोन चरित्रपट

गायकाचे जीवन पडद्यावर आणू पाहणाऱ्या दिग्दर्शकापुढे आरंभीच एक अडचण उभी राहते. गायकाचे खरे कर्तृत्व कानांनी घ्यावयाचे असते आणि चित्रपट हे मुख्यतः डोळ्यांचे माध्यम आहे. चालीतील एखादी जागा कशी सुचली, एखादे अक्षर क्षणभर मागे का ठेवले, हे दाखविता येत नाही. दारिद्र्य, मारहाण, तुरुंग, व्यसन आणि अकाली मृत्यू मात्र उत्तम दाखविता येतात. साहजिकच गाणे त्या दुःखातून आपोआप पाझरले, असा कार्यकारणभाव चित्रपट गृहीत धरू लागतो. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे हिच्यावरील दोन चरित्रपटांत, म्हणजे १९७२ सालच्या ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ आणि २०२१ सालच्या ‘द युनायटेड स्टेट्स व्हर्सेस बिली हॉलिडे’ या चित्रपटांत, ही प्रवृत्ती विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते. दोहोंमध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर आहे. दुःखाचा अपराधी कोण, याविषयी दोहोंचे मत भिन्न आहे. समीकरण मात्र बदललेले नाही.

बिली हॉलिडेचा जन्म ७ एप्रिल १९१५ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. बालपण बाल्टिमोर शहरात गेले. वडील क्लॅरेन्स हॉलिडे हे गिटारवादक. पण त्यांनी संसार असा केलाच नाही. सुधारगृह, लहान वयात झालेला अत्याचार, पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील कुंटणखाना, अशा वाटेने ही मुलगी गाण्याकडे आली. १९३३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, जॉन हॅमंड या रसिकाने तिची पहिली ध्वनिमुद्रिका काढविली. १९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सन याच्या वाद्यवृंदाबरोबर तिने ज्या तबकड्या भरल्या, त्या जॅझच्या इतिहासात आजही प्रमाण मानल्या जातात. १९४७ साली अमली पदार्थांच्या प्रकरणी तिला एक वर्ष व एक दिवसाची शिक्षा झाली. १७ जुलै १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रुग्णालयात तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. त्या अखेरच्या आजारातही रुग्णशय्येवर तिला अटक करण्यात आली होती आणि खोलीवर पोलिसांचा पहारा बसला होता.

पहिल्या चित्रपटाचा आधार तिचे १९५६ सालचे आत्मकथन हा होय. ते तिने सांगितले आणि विल्यम डफ्टी या वृत्तपत्रकाराने लिहिले. या ग्रंथाकडे संशोधकाने सावधपणेच पाहावयास हवे. जन्म बाल्टिमोरमध्ये झाला आणि त्या वेळी आई अवघी तेरा वर्षांची होती, असे त्यात सांगितले आहे. उपलब्ध नोंदींवरून जन्मस्थान फिलाडेल्फिया ठरते आणि आईचे वय एकोणीस ठरते. आईवडिलांचा विवाह झाल्याचे पुस्तक सांगते. चरित्रकारांच्या मते तो कधीच झाला नाही. या तफावतींना असत्यकथन म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, पण त्याने फारसे काही हाती लागत नाही. जिच्यावर खटला होऊन गेला आहे, जिचे नाव वृत्तपत्रांनी मळविले आहे, अशा स्त्रीने स्वतःची कथा आपल्या अटींवर मांडावयाचा तो प्रयत्न होता. आणि पुस्तक विकले जावे ही गरजही त्यामागे होती. नावाचीच गोष्ट पाहावी. तिला ‘बिटर क्रॉप’, म्हणजे ‘कडू पीक’, असे नाव हवे होते. प्रकाशकांनी खपाच्या दृष्टीने ‘ब्लूज’ हा शब्द नावात घातला. वस्तुतः ब्लूज या गीतप्रकाराची गाणी तिच्या एकंदर गायनात थोडीच आहेत. म्हणजे चित्रपट निघण्याच्या सोळा वर्षे आधी, मुखपृष्ठावरच, तिची प्रतिमा एका ठरीव साच्यात बसविली गेली होती.

सिडनी फ्यूरी याने दिग्दर्शित केलेल्या १९७२ च्या चित्रपटात डायना रॉस हिने नायिकेची भूमिका केली आणि गाणीही स्वतःच्या आवाजात म्हटली. तिचा अभिनय मनापासूनचा आहे. ऑस्करसाठी तिचे नामांकन झाले, ते अनाठायी नव्हते. गाण्यात तिने बिलीची नक्कल करावयाचे टाळले, हेही शहाणपणाचेच झाले. परंतु कथेची मांडणी पाहिली की वेगळे प्रश्न उभे राहतात. चित्रपटाचा नायक लुई मके हा आहे: देखणा, उदार, पत्नीला व्यसनातून सोडवू पाहणारा, प्रत्येक संकटात धावून येणारा. खरा लुई मके तिच्या आयुष्यात महत्त्वाचा ठरला तो १९५० नंतरच्या दशकात. विवाह १९५७ साली झाला, आणि तिच्या मृत्यूसमयी दोघे विभक्त होते. त्याच्या हिंसक वागणुकीचे दाखले अनेकांनी दिले आहेत. तिने मृत्युपत्र केले नसल्यामुळे वारसाहक्क त्याच्याकडे गेले आणि या चित्रपटाचा तांत्रिक सल्लागारही तोच होता. चरित्रपटाच्या अभ्यासकाने श्रेयनामावली वाचण्याचा कंटाळा करू नये, तो याचसाठी.

नायकासाठी इतकी जागा दिल्यावर इतरांसाठी ती उरत नाही. लेस्टर यंग नाही, टेडी विल्सन नाही, हॅमंड नाही, काउंट बेसी नाही. त्यांच्या जागी एक काल्पनिक पियानोवादक येतो आणि मारला जातो. ज्या सहकाऱ्यांच्या संगतीत हे गाणे घडले ते सर्व वगळल्यामुळे गायिका एकाकी दिसते, आणि तिचे एकाकीपण हेच तिच्या गाण्याचे मूळ वाटू लागते.

याची सर्वांत बोलकी साक्ष ‘स्ट्रेंज फ्रूट’ या गीताच्या प्रसंगात मिळते. अमेरिकेच्या दक्षिण भागात जमावाने कृष्णवर्णीयांना झाडावर फाशी देण्याच्या प्रथेवरील हे गीत एबेल मीरोपोल या न्यूयॉर्कमधील शाळाशिक्षकाने लिहिले आणि त्याला चालही त्यानेच दिली. १९३९ साली ‘कॅफे सोसायटी’ या उपाहारगृहात बिली ते गाऊ लागली. गोऱ्या व कृष्णवर्णीय प्रेक्षकांना एकत्र बसू देणाऱ्या थोड्या जागांपैकी ती एक होती. तिच्याशी करार असलेल्या कोलंबिया कंपनीने हे गीत भरण्यास नकार दिला, तेव्हा कमोडोर या लहान कंपनीने त्याच वर्षी एप्रिल महिन्यात ते ध्वनिमुद्रित केले. या घटनाक्रमात कवी आहे, उपाहारगृहाचा मालक आहे, भित्री कंपनी आहे, धाडसी कंपनी आहे आणि हे गीत आपल्या कार्यक्रमाच्या शेवटी, दिवे मालवून, केवळ चेहऱ्यावर प्रकाश ठेवून म्हणणारी एक विचारी कलावती आहे. १९७२ च्या चित्रपटात यांतील काहीच नाही. दौऱ्यावरील गाडीतून उतरलेल्या नायिकेला झाडावर लटकलेला देह दिसतो आणि त्या धक्क्यातून गाणे उमटते. राजकीय निश्चयाने निवडलेली कृती तेथे मनाच्या प्रतिक्षेपाची पायरी गाठते. आश्चर्य असे की २०२१ च्या चित्रपटातही, गीत आधीपासून गायिकेच्या नावाशी जोडलेले असूनही, ते पूर्ण ऐकविण्यापूर्वी तिला तसेच एक दृश्य दाखविण्यात आले आहे.

दुसऱ्या चित्रपटाची भूमिका मात्र पहिल्याच्या उलट आहे. दिग्दर्शक ली डॅनियल्स आणि पटकथाकार सुझन-लोरी पार्क्स यांनी खटल्याचेच नाव चित्रपटास दिले आहे. येथे अपराधी व्यसन नसून शासन आहे. अमली पदार्थ विभागाचा प्रमुख हॅरी ॲन्सलिंगर आणि त्याने तिच्या मागावर पाठविलेला कृष्णवर्णीय अधिकारी जिमी फ्लेचर हे मध्यवर्ती आहेत. हा दृष्टिकोन पहिल्यापेक्षा अधिक न्याय्य आहे, यात शंका नाही. ॲन्सलिंगरची जॅझ कलावंतांवर नजर होती, ही गोष्ट सिद्ध आहे. तथापि ‘स्ट्रेंज फ्रूट’ बंद करविण्यासाठीच तिचा छळ झाला, या चित्रपटातील मुख्य विधानास लागणारा थेट कागदोपत्री पुरावा पुढे आलेला नाही. आणि फ्लेचरशी दाखविलेले प्रेमप्रकरण ही तर नाट्याची गरज आहे. आंद्रा डे हिने आवाजातील खरखर आणि शब्द सोडण्याची लकब फार बारकाईने उचलली आहे. तिलाही ऑस्करचे नामांकन मिळाले.

शासनाने तिचे नुकसान नेमके कसे केले, हे समजून घ्यावयाचे तर एका रूक्ष कागदाकडे वळावे लागते. १९४० पासून १९६७ पर्यंत न्यूयॉर्क शहरात, जेथे मद्य विकले जाते अशा जागी गाण्यावाजविण्याचे काम करणाऱ्यास पोलीस खात्याचा परवाना बाळगावा लागे. त्यास ‘कॅबरे कार्ड’ म्हणत. शिक्षा झाली की तो परवाना जाई, आणि तो परत द्यावयाचा की नाही हे पोलीसच ठरवीत. थेलोनियस मंक आणि चार्ली पार्कर यांनाही याच नियमाचा फटका बसला होता. जॅझ हे लहान मद्यगृहांत रात्रभर चालणारे संगीत. तीच दारे बंद झाली म्हणजे कलावंताची रोजची कमाई आणि रोजचा रियाज दोन्ही बुडत. संगीतसभागृहांना हा नियम लागू नव्हता. म्हणूनच मार्च १९४८ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर अकरा दिवसांनी ती कार्नेगी हॉलच्या तुडुंब भरलेल्या सभागृहात गाऊ शकली; परंतु त्याच शहरातील एखाद्या तळघरातील मद्यगृहात तिला गाता येत नव्हते. पहिला चित्रपट कार्नेगी हॉलच्या टाळ्यांवर संपतो आणि पुढची अकरा वर्षे वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून उरकतो. वास्तविक शोकांतिका त्या मथळ्यांमागे आहे. पण नाकारलेला परवाना पडद्यावर फारसा शोभत नाही.

आता गाण्याविषयी. बिलीचा आवाज लहान होता. त्याचा पल्ला एका सप्तकाहून थोडाच अधिक. बेसी स्मिथच्या तबकड्यांतून भरदार आवाजाची आणि लुई आर्मस्ट्राँगकडून शब्दांच्या फेकीची दृष्टी तिने घेतली; पण पहिल्याचे अनुकरण तिच्या गळ्याला पेलणारे नव्हते. तिने वेगळी वाट काढली. मूळ चालीतील उंच-सखल स्वर कमी करून ती चाल तीन-चार स्वरांत आणीत असे आणि सारे नाट्य लयीत भरीत असे. आपल्याकडील परिभाषेत सांगावयाचे तर ठेका चोख चालू असता शब्द आघाताच्या किंचित मागून यावयाचे. ओळ आता निसटली असे वाटावे, तोच ती नेमक्या ठिकाणी येऊन मिळावयाची. हे मायक्रोफोनच्या युगातील गाणे आहे, कानाशी बोलल्यासारखे. बाजारातील अगदी सामान्य गीतेही तिच्या वाट्यास पुष्कळ आली. त्या गीतांत तिच्या जीवनातील दुःख शोधणारास काही सापडत नाही; तरी त्याच तबकड्यांत तिची कला सर्वांत ताजी आहे आणि त्यांतील कित्येक चक्क आनंदी आहेत. १९५८ सालच्या ‘लेडी इन सॅटिन’मध्ये आवाज झिजलेला आहे, आणि श्रोते त्या झिजण्यालाच गाण्याचा अर्थ समजतात. पण आवाज झिजला असताही लयीची जाण शाबूत आहे, ही ऐकण्याची गोष्ट आहे.

सुदैवाने तिची खरी चित्रफीतही उपलब्ध आहे. ८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस दूरचित्रवाणीवरील ‘द साउंड ऑफ जॅझ’ या कार्यक्रमात तिने स्वतः रचलेले ‘फाइन अँड मेलो’ हे गीत म्हटले. तिच्या थोड्या ब्लूज गीतांपैकी हे एक. भोवती अर्धवर्तुळात वादक आहेत आणि ती एका उंच बैठकीवर बसली आहे. आजारी लेस्टर यंग आपली पाळी आली तेव्हा उठून उभा राहतो आणि सॅक्सोफोनवर ब्लूजचे एकच आवर्तन वाजवितो. स्वर मोजके, घाई मुळीच नाही. ‘लेडी डे’ हे तिचे नाव त्यानेच ठेवलेले, आणि त्याचे ‘प्रेझ’ हे नाव तिने. कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे वळतो. ती त्याच्याकडे पाहते, मान हलविते, ओठांवर हसू येते, आणि त्याने सोडलेल्या जागी ती पुढची ओळ अलगद उचलते. यंगचा मृत्यू मार्च १९५९ मध्ये झाला आणि तिचा त्यानंतर चार महिन्यांनी. पण त्या चेहऱ्यावर त्या क्षणी मृत्यूची छाया शोधू नये. ती तेथे ऐकत आहे. जाणकाराने जाणकारास ऐकावे, तसे.