काळे तीळ उडायला लागले तेव्हा...

गणपतीत आम्ही सगळे कोकणात गावी गेलो होतो. बारा दिवसांनी रात्री उशिरा परत आलो. कुलूप उघडलं, दिवा लावला, सामान आत घेतलं. दोन मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात धाकटी ओरडली, "आई, माझ्या पायावर तीळ चढतायत!"

बघते तर खरंच! पोटरीपर्यंत बारीक काळे ठिपके. बोटानं टिपायला जावं, तर टुणकन उडी मारून पसार! थोरला पाय झाडत दिवाणावर चढला. त्याचे बाबा बॅग हातात घेऊन तसेच दारात उभे.

"पिसवा आहेत या," आजी म्हणाल्या. "हे सगळं त्या ठमीचं काम. उद्याच्या उद्या तिला आणि पिल्लाला पोत्यात घाला आणि बाजारात सोडून या. घरात माणसं राहायची की पिसवा?"

ठमी म्हणजे आमची मांजर. गावी जाण्याआधी दिवाणाखालच्या खोक्यात, जुन्या स्वेटरवर तिनं पिल्लू घातलं होतं. त्याचं नाव गोट्या. दोघांना शेजारच्या काकूंकडे ठेवून आम्ही गेलो होतो. आजींचं बोलणं ऐकून धाकटीनं भोकाड पसरलं. थोरला मात्र विचारात पडला होता.

"पण आजी, ठमी तर बारा दिवस काकूंकडे होती. घराला कुलूप होतं. इथं रक्त प्यायला कुणीच नव्हतं. मग या पिसवा जगल्या कशावर? आणि आपण आलो हे त्यांना कळलं कसं?"

दोस्तांनो, प्रश्न अगदी बरोबर होता. याचं उत्तर वेळेवर मिळालं नसतं, तर आम्ही ठमीला घालवून बसलो असतो. आणि पिसवा मात्र घरातच राहिल्या असत्या!

गोट्याच्या पांढऱ्या हिरड्या

सकाळी काकूंकडून दोघांना आणायला गेलो. ठमी पाय वर करून कराकरा खाजवत होती. गोट्या मात्र खेळत नव्हता. जेमतेम महिन्याचं पिल्लू, हातात घेतलं तर मान टाकून पडून राहिलं. त्याच्या मऊ केसांत पिसवा नुसत्या पळत होत्या.

वाटेत एका दुकानात शिरले. कुत्र्याच्या पिसवांसाठी असलेलं औषध दुकानदारानं पुढे केलं. "कुत्रं काय नि मांजर काय, एकच. थोडं कमी लावा, झालं!" मी ते घेतलंही. नशीब, की आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो!

डॉक्टरांनी गोट्याचा ओठ हळूच वर केला. "ये गं इकडे, बघ. पिल्लाच्या हिरड्या कशा हव्यात? गुलाबी. याच्या कशा आहेत?"

"पांढऱ्या," धाकटी हळू आवाजात म्हणाली.

"याचं रक्त कमी झालंय. सत्तर-बहात्तर पिसवांच्या माद्या मिळून दिवसाला साधारण एक मिलिलिटर रक्त पितात. तुला वाटेल, एवढंसं तर! पण एवढ्याशा पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्तच असतं जेमतेम दोन मोठे चमचे. आणखी काही दिवस असेच गेले असते, तर हे वाचलं नसतं."

मग मी पर्समधली बाटली दाखवली. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि बाटली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. "ताई, यात परमेथ्रिन आहे. कुत्र्याला हे चालतं, मांजरीला विष. तिच्या शरीराला ते पचवताच येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. 'थोडं कमी लावा' हा उपाय नाही."

"आणि रॉकेलचा हात फिरवला तर? आमच्या सासूबाई म्हणत होत्या."

"अजिबात नको. फिनेलही अंगाला नको. मांजर दिवसभर अंग चाटते. जे अंगावर लावाल, ते तिच्या पोटात जाणार."

ठमीला त्यांनी मानेच्या मागच्या बाजूला, जिथं तिची जीभ पोचत नाही तिथं, थेंबाचं औषध लावलं. तिचं वजन करून आणि पिल्लाला पाजणाऱ्या मांजरीला चालेल असंच. गोट्या औषधासाठी फार लहान होता. त्याच्यासाठी त्यांनी विचारलं, "घरी उवांची बारीक फणी आहे?"

आजींची लाकडी फणी अशी कामाला आली! रोज दोनदा गोट्याच्या अंगावरून फणी फिरवायची आणि अडकलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. साबणाचंच पाणी का? साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निसटते. साबणाच्या पाण्यात मात्र ती बुडते.

कुलूपबंद घरातलं रहस्य

आता थोरल्यानं आपला प्रश्न डॉक्टरांपुढे टाकला. डॉक्टर हसले. "शाबास! हा प्रश्न मोठी माणसंसुद्धा विचारत नाहीत."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी.

पिसवेची मादी मांजरीच्या अंगावर राहते, रक्त पिते आणि दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ही अंडी पांढरी, गुळगुळीत, मिठाच्या कणाएवढी. ती केसांना चिकटत नाहीत. मांजर जिथं झोपते, जिथं अंग झटकते, तिथं ती मीठ सांडावं तशी सांडतात. काही दिवसांत त्यांतून बारीक अळ्या निघतात. अळीला उजेड सोसत नाही. ती फरशीच्या फटीत, सतरंजीच्या खाली, दिवाणाच्या कोपऱ्यात शिरते. आणि खाते काय? मोठ्या पिसवांची विष्ठा! ती म्हणजे वाळलेलं रक्तच. आई वरून शिदोरी टाकते म्हणा ना!

अळी मोठी झाली, की स्वतःभोवती कोष विणते. कोष चिकट असतो, त्याला धूळ लागते आणि तो दिसेनासा होतो. आत पिसू तयार होते. पण ती लगेच बाहेर येईलच असं नाही. बाहेर येऊन खायला काही नसेल तर काय उपयोग? म्हणून ती कोषातच थांबते. काही आठवडे, वेळ पडली तर काही महिनेसुद्धा! पावलांचा हादरा बसला, अंगाची ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, की तिला समजतं, कुणीतरी आलं. लगेच कोष फोडून ती बाहेर!

म्हणजे आम्ही कुलूप उघडलं, सामान धपाधप ठेवलं, ती त्यांच्यासाठी घंटाच होती!

"घरात पिसवा झाल्या, की शंभरातल्या पाचच्या आसपास मोठ्या पिसवा असतात," डॉक्टर म्हणाले. "उरलेल्या पंच्याण्णव अंडी, अळ्या आणि कोष होऊन घरात पसरलेल्या असतात. मांजर घालवलंत, तर त्या पंच्याण्णव कुणाकडे येतील?"

थोरल्यानं मुकाट्यानं स्वतःकडे बोट दाखवलं.

"म्हणून ठमीला घरातच ठेवा. तिच्या अंगाला आता औषध आहे. कोषातून निघालेली पिसू तिच्यावर उडी मारेल आणि मरेल. ठमी आता तुमचा पिंजरा आहे."

घरातली मोहीम

घरी येऊन थोरल्यानं हे सगळं आजींना समजावलं. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, महिनाभर बघू. पण अंथरुणं-पांघरुणं गच्चीवर न्यायला मी सांगेन तसं करायचं."

आणि खरं सांगते, आजींची ही जुनी सवय शंभर नंबरी ठरली. पिसवेच्या अळीला दमट हवा लागते. म्हणून तर पावसाळ्यात त्या फोफावतात. कडक उन्हात आणि कोरड्या हवेत अळी वाळून मरते. ऊन पडेल त्या दिवशी गोधड्या, उशा, सतरंज्या गच्चीवर जायच्या. जे धुता येईल ते कढत पाण्यात. ठमीचं खोकं आणि जुना स्वेटर पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात. तिला रोज बदलता येईल असं जुनं धोतर अंथरायला.

रोज केर काढायचा, तोही दिवाण आणि कपाट सरकवून. फटींतली धूळ जुन्या दात घासायच्या ब्रशानं उकरायची. निघालेला केर पिशवीत बांधून लगेच बाहेर. काकूंनी त्यांचा व्हॅक्यूम क्लीनर दिला. त्यांच्या घरीही हेच चाललं होतं, कारण ठमी बारा दिवस तिथं राहिली होती! क्लीनरचा हादरा बसून कोष फुटतात, म्हणजे लपलेला शत्रू आपणहून समोर येतो.

मोजणी मुलांकडे. थोरला रोज संध्याकाळी पांढरे मोजे घालून सगळ्या खोल्यांतून फिरायचा. पांढऱ्यावर काळी पिसू लगेच दिसते. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. पहिल्या दिवशी ३१. आठव्या दिवशी १२. सगळे खूश! आणि अकराव्या दिवशी? १९!

"झालं! पुन्हा वाढल्या," मी डोक्याला हात लावला. फोनवर डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. कोष फुटतायत. इथंच लोक कंटाळतात आणि सोडून देतात. चालू ठेवा."

चालू ठेवलं. एकविसाव्या दिवशी ३. छत्तिसाव्या दिवशी शून्य. त्यानंतरही महिनाभर मोज्यांची फेरी चुकली नाही, आणि ठमीचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला पुन्हा लावलं.

एवढीशी, पण उडी केवढी!

मोहीम चालू असताना धाकटीनं भिंगातून एक मेलेली पिसू पाहिली. पंख नाहीत, अंग दोन्ही बाजूंनी चपटं, पुस्तक उभं ठेवावं तसं. म्हणूनच ती केसांच्या जंगलातून सरसर पळते. लांबी दोन-तीन मिलिमीटर, पण उडी जवळजवळ वीतभर उंच! तिच्या छातीत रेझिलिन नावाचा रबरासारखा पदार्थ असतो. पिसू तो दाबून धरते आणि एकदम सोडते, गलोलीचं रबर सुटावं तसं.

याच कुळातल्या उंदरांवरच्या पिसवेनं आपल्याकडे मोठा कहर केला होता. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढे पुण्यात पोचली. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्या रोगानं गाठलं आणि १८९७ साली त्यांचं निधन झालं. प्लेग पसरतो कसा, हे तेव्हा कुणाला नीट ठाऊक नव्हतं. १८९८ साली कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी एक प्रयोग केला. पिसवा असलेला आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर एकाच बरणीत ठेवले, पण मध्ये जाळी, म्हणजे दोघांचा स्पर्श नाही. तरीही निरोगी उंदराला प्लेग झाला! जाळीतून पलीकडे जाऊ शकत होती ती फक्त पिसू. सुरुवातीला पुष्कळांनी त्यांचं म्हणणं मानलं नाही. पुढे मात्र ते खरं ठरलं.

मांजरीवरची पिसू वेगळ्या जातीची, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण अंग चाटताना पिसू मांजरीच्या पोटात गेली, तर तिच्यातून पट्टकृमी हा जंत होऊ शकतो. क्वचित लहान मुलांनाही होतो. म्हणून मांजराशी खेळून झालं, की हात साबणानं धुवायचे. जेवायच्या आधी तर नक्कीच!

करून पाहा

१. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या अंगावर काळा भुसा दिसतो? तो ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. तसाच काळा राहिला, तर साधी माती.

२. रात्री पसरट ताटलीत साबणाचं पाणी घालून जमिनीवर ठेवा आणि जवळ छोटा दिवा लावा. उजेडाकडे उडी मारणाऱ्या पिसवा ताटलीत पडतात. सगळ्या पिसवा यानं जात नाहीत, पण घरात आहेत की नाहीत ते कळतं. विजेचा दिवा असेल, तर तो पाण्यापासून लांब आणि मोठ्या माणसांकडूनच लावून घ्या.

३. औषध मात्र स्वतः लावू नका. डॉक्टरांना प्राणी कोणता, वय किती, वजन किती, एवढं सांगायला विसरू नका.

आता गोट्याचं म्हणाल, तर पंधरा दिवसांत त्याच्या हिरड्या गुलाबी झाल्या. सध्या तो पडद्यावर चढतो, आजींची लोकर पळवतो आणि दुपारी त्यांच्याच मांडीवर झोपतो. आजींच्या हातात बारीक फणी असते.

"पोत्यात घालायचं होतं ना याला?" धाकटी मुद्दाम विचारते.

"गप गं," आजी म्हणतात आणि त्याच्या पाठीवरून फणी फिरवतात. "आज एकही नाही सापडली हो!"