फडातला ससा, घरातला ससा

ऊसतोड सुरू झाली की कराड, वाळवा, पलूसकडच्या फडांत हे हमखास घडतं. कोयता सरीच्या टोकाला येतो आणि पाचटात मातकट रंगाचं, मुठीत मावेल एवढं पिल्लू दिसतं. कान पाठीला चिकटवलेले, डोळे टक्क उघडे, हालचाल नाही. ‘आई सोडून गेली बघा’ म्हणत कुणीतरी ते पोरांसाठी घरी नेतं. लहानपणी आमच्याकडेही असंच एक आलं होतं. कापसाच्या बोळ्याने आम्ही त्याला गाईचं दूध पाजलं. पोट फुगलं, हगवण लागली, तिसऱ्या दिवशी ते गेलं.

त्याची आई सोडून गेलेलीच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. रानसशाची मादी बीळ करत नाही. गवतातल्या उथळ खळग्यात विते. पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची. दिवसा ती त्यांच्यापासून लांब राहते, म्हणजे तिच्या मागावर कुत्री-कोल्ही तिथवर पोचू नयेत, आणि अंधार पडला की येऊन पाजते. पिल्लाचं निपचित पडणं हा आजार नाही, तो त्याचा बचाव आहे.

घरातला पांढरा ससा हा निराळाच प्राणी. मूळ स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा; त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. गुणसूत्रंही वेगळी, रानसशाची ४८ तर याची ४४. मराठीत दोघांना शब्द मात्र एकच, आणि त्यापायी दोघांचेही हाल होतात. रानातल्याला आपण पिंजऱ्यात घालतो, घरातल्याचा कंटाळा आला की ‘मोकळा जगेल’ म्हणून माळावर सोडतो. जत-आटपाडीच्या उघड्या माळावर ते पांढरं अंग लपणार कुठे?

फडात धडधाकट पिल्लू दिसलं तर तोड सुरू असलेल्या जागेवरून उचलून जवळच्याच बांधावरच्या गवतात ठेवा आणि कुत्री आवरा. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात ठेवा. दूध-पाणी काही देऊ नका, पोरांना हाताळू देऊ नका; रानससा नुसत्या भीतीनेही मरतो. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानससा घरी ठेवणं गुन्हा आहे.

पाळलेल्या सशाचं सगळं तंत्र गवतावर चालतं. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजतात वाळलं गवत चघळूनच. म्हणून गवत चोवीस तास समोर हवं. गाजर गोड, एखादी चकतीच पुरे. चपाती, बिस्किटं बंद. कान धरून उचलणं तर कधीच नको, एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली घ्या. सशाला घाम येत नाही, उष्णता कानांवाटे बाहेर जाते. त्यामुळे सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा पिंजरा जीवघेणा ठरतो. सावली, ओलं पोतं आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी, एवढं तरी हवंच.

ससा दुखणं लपवतो. रोज सकाळी पिंजऱ्यातल्या लेंड्या बघा. त्या बारीक झाल्या, किंवा दहा-बारा तास त्याने गवताला तोंड लावलं नाही, तर आतडी थांबू लागली आहेत. सशांवर उपचार करणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा, कारण तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिनही त्याचा जीव घेऊ शकतं. आणि अशा वेळी उद्यावर ढकलू नका, त्याच रात्री फोन करा.