विममधलं इंडेंटेशन: सगळ्या भाषांना एकच नियम लावू नका

नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. रिलीजच्या दिवशी संध्याकाळी मी मेकफाइलमध्ये एक ओळ वाढवली आणि बिल्डच बंद पडला. एरर एवढीच: ‘मिसिंग सेपरेटर’. तासभर शोधूनही चूक दिसेना. दिसणार कशी? टॅबच्या जागी स्पेस पडल्या होत्या, आणि स्क्रीनवर दोन्ही कोरेच दिसतात.

मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. पायथनमध्ये मात्र ४ स्पेसची पद्धत आहे. म्हणजे नियम भाषेप्रमाणे बदलतो.

विममध्ये इंडेंटेशन मुख्यतः चार सेटिंग्जवर चालतं:

- टॅबस्टॉप: टॅब किती रुंद दिसेल. मुळात ८.
- शिफ्टविड्थ: एक पायरी आत म्हणजे किती जागा.
- सॉफ्टटॅबस्टॉप: टॅबची की दाबल्यावर कर्सर किती सरकेल.
- एक्सपांडटॅब: टॅबऐवजी स्पेस टाकायच्या.

मग माझं चुकलं कुठे? विम ८ पासून तुमची स्वतःची विमआरसी फाइल नसेल, तर विम आपली डिफॉल्ट सेटिंग्ज वापरतो आणि फाइलची भाषा ओळखतो. तुम्ही विमआरसी बनवली की ती डिफॉल्ट्स लोड होत नाहीत! मी त्यात फक्त ‘सेट एक्सपांडटॅब’ लिहिलं होतं. झालं, मेकफाइललाही स्पेस लागू.

उपाय एका ओळीचा आहे. विमआरसीमध्ये ‘फाइलटाइप प्लगिन इंडेंट ऑन’ लिहा (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं). आता मेकफाइल उघडली की विम एक्सपांडटॅब आपोआप बंद करतो आणि पायथनला ४ स्पेस देतो.

जावास्क्रिप्टला २ स्पेस हव्यात? त्या ओळीखाली लिहा: ‘ऑटोकमांड फाइलटाइप जावास्क्रिप्ट सेटलोकल शिफ्टविड्थ=२ सॉफ्टटॅबस्टॉप=२ एक्सपांडटॅब’. यात ‘ऑटोकमांड’ हे ‘ऑटोसीएमडी’ असं टाइप करायचं. ‘सेट’ऐवजी ‘सेटलोकल’ लिहिल्यामुळे हा नियम त्याच फाइलपुरता राहतो.

अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये विम टाकून हे सगळं फोनवरही करून बघता येतं. छोट्या स्क्रीनवर ८ आणि २ मधला फरक लगेच कळतो.

आणि शंका आली की ‘:सेट लिस्ट’ करा. लपलेले टॅब लगेच दिसतात. त्या संध्याकाळी मला हे माहीत असतं, तर माझा तास वाचला असता.