मिरजेच्या गीतेचे तांबे

सातारा-सांगलीकडे ‘एचिंग’ हा शब्द आता काचेच्या दारावरच्या नक्षीपासून स्टीलच्या सन्मानचिन्हापर्यंत कशालाही लागतो. व्यवहारात त्याने फारसे बिघडत नाही. पण १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून छापल्या गेलेल्या भगवद्गीतेला तोच शब्द लावला, की ती घडवणाऱ्या तांबटाचे कसब नजरेआड होते. एचिंगमध्ये पत्र्यावर मेण-राळेचा पातळ थर देतात, सुईने त्यावर रेघ ओढतात आणि पत्रा आम्लात सोडतात; मेण निघाले असेल तेवढाच धातू आम्ल खाते. हात मेणावर चालतो, म्हणून चांगल्या वळणाचा लेखनिकही हे काम शिकू शकतो. कोरीव कामात मात्र पोलादी हत्यार तळव्याने रेटून तांब्याचा कीस काढावा लागतो आणि बाक घेताना पत्राच फिरवावा लागतो. आम्लाने खाल्लेली रेघ सहसा बोथट संपते, कोरलेली निमुळती होत जाते. त्यातही अक्षर उलटे हवे. एखादा अनुस्वार चुकला, तर पत्रा मागून ठोकून, घासून, पुन्हा कोरायचा.

गीता छापून वाटण्याची कल्पना नाना फडणविसांची. पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडच्या कलावंतांमुळे तांब्यावर कोरून छापण्याची विद्या तांबटांपर्यंत पोचली होती. १८०० साली नाना वारले आणि काम मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले. पोथ्या लिहिणाऱ्यांची तेव्हा वाण नव्हती, तरी काम तांबटाकडे गेले. कारण अडचण अक्षराची नव्हती, धातूची होती.

कोणी म्हणेल, दोन्हींत शाई खोबणीतच भरते आणि ओला कागद ती दाबाखाली उचलतो, मग भेद कशाला? छाप पाहणाऱ्याला तो नसेलही. कष्ट कोणाचे हे ठरवायचे, तर हवाच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सुटे खिळे नाहीत, मग हे मुद्रण कसले? त्याच १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण खिळ्यांनी छापले गेले, आणि पुढचे शतक खिळ्यांचेच ठरले. पानागणिक नवा पत्रा कोरणे परवडणारे नव्हतेच. तरीही एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात, एवढे मुद्रण म्हणायला पुरे आहे. सूचिकारांनी आणि संग्रहालयांनी या गीतेपुढे ‘कोरीव ताम्रमुद्रण, मिरज, १८०५’ असे लिहावे, आणि आश्रयदात्याच्या नावाशेजारी तांबटाचीही नोंद करावी.